आईसाठी स्वस्त चिनी फोन घ्यावा का? देशाआधी किल्ली कोणाच्या हातात आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आई गावी असतात, बचत गटाच्या सचिव आहेत. गटाचा हिशोब, बँकेचे मेसेज, ओटीपी, फोन-पे, सगळं एकाच फोनवर. जुन्याची बॅटरी फुगली म्हणून नवा घ्यायचाय. मावसभावाने आखातातून येताना आणलेला, नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा कोरा फोन तो साडेचार हजारांत देतोय. तालुक्याच्या दुकानात आठ-नऊ हजारांत नेहमीच्या चिनी कंपनीचा फोन मिळतोय. आणि शेजारचे सर म्हणतात, चिनी फोनला हातच लावू नका, सगळं तिकडे जातं.

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे घाईत असाल तर पुढचं सावकाश वाचा. मावसभावाचा फोन आईंच्या बँकेच्या कामाला नको. दुकानातला चालेल, पण घेताना काही गोष्टी बघून आणि घेतल्यावर त्यांच्याजवळ तासभर बसून. सरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पंचाईत अशी की उरलेल्या निम्म्यामुळेच लोक चुकीचा फोन घरी आणतात.

माझं नाशिकला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. सुरुवातीला डिस्प्ले, माईक, चार्जिंगचा जॅक हीच कामं. मग हळूहळू सॉफ्टवेअर मारण्याचं, म्हणजे फोनची सिस्टीम पुसून नव्याने भरण्याचं, काम वाढलं. फोन लोगोवर अडकला, हँग होतो, जाहिराती थांबत नाहीत, की आणला दुकानात. त्यामुळे शेकडो स्वस्त फोन आतून बघायला मिळाले. मी प्रयोगशाळेतला संशोधक नाही. पण कुठल्या फोनला सॉफ्टवेअर मारून गुण येतो आणि कुठल्याला येत नाही, हे हाताला कळलंय. तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे.

आधी ‘परदेशी’ या शब्दाचा गुंता. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक चिनी कंपन्यांच्या फोनच्या खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ असतं आणि ते खोटं नसतं. नोएडा, श्रीसिटी, श्रीपेरुंबुदूर इथे जुळणी होते. उलट भारतीय नाव असलेल्या कित्येक स्वस्त फोनांचा आराखडा, बोर्ड आणि सॉफ्टवेअर चीनमधल्या शेन्झेनच्या एखाद्या डिझाइन हाऊसकडून तयार आलेलं असतं. इथे फक्त नाव चिकटतं. म्हणून स्क्रू कुठे आवळले यावरून हेरगिरीबद्दल काहीच कळत नाही. विचारायचं ते हे: फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तुम्हाला न विचारता, उद्या बदल करायची किल्ली कोणाकोणाच्या हातात आहे? आणि त्या माणसाला नाव-पत्ता आहे का, पकडला गेला तर त्याचं काही बुडणार आहे का?

ही किल्ली म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही प्ले स्टोअरवरून ॲप घेता तेव्हा ते भाडेकरूसारखं येतं. मेसेज वाचू का, माईक वापरू का, असं विचारतं. नाही म्हटलं की गप्प बसतं, नको झालं की काढून टाकता येतं. पण फोनबरोबर जी ॲप आलेली असतात ती वाड्याच्या भिंतीत बांधलेल्या फडताळासारखी. त्यांना परवानग्या आधीच दिलेल्या असतात, काहींचं तर चिन्हही पडद्यावर दिसत नाही. फॅक्टरी रिसेट म्हणजे खोली झाडून-पुसून घेणं. तुमचं सामान जातं, फडताळ तिथेच राहतं. गिऱ्हाईक मला म्हणतं, ‘तीनदा रिसेट मारला, तरी जाहिराती येतातच,’ तेव्हाच मी समजतो की किडा फडताळात आहे.

आणि या फडताळांपैकी सगळ्यात ताकदवान ॲप असतं ते अपडेट आणणारं. ते कंपनीच्या सर्व्हरवरून काहीही आणून सिस्टीममध्ये बसवू शकतं. त्याचं कामच ते. मोठी कंपनी हे ॲप स्वतः लिहिते. छोट्या कंपनीकडे इंजिनिअरच नसतात, म्हणून ती हे काम बाहेर देते. घराची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन कोणत्या एजन्सीचा हे घरमालकालाच माहीत नाही, अशी गत.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २०१६ च्या नोव्हेंबरमधलं. ‘ब्लू’ नावाची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची कंपनी. तिचा आर-वन एचडी हा पन्नास-साठ डॉलरचा फोन ॲमेझॉनवर धडाधड विकला जात होता. क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीला आढळलं की त्यातलं अपडेट करणारं सॉफ्टवेअर दर ७२ तासांनी मेसेजचा पूर्ण मजकूर चीनमधल्या सर्व्हरला पाठवतंय. कॉलची यादी, संपर्कांतले नंबर, फोनचा आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, हेही जात होतं. ते सॉफ्टवेअर शांघायच्या ‘अडप्स’ कंपनीचं. अडप्सने खुलासा केला की ही सोय एका चिनी गिऱ्हाइकाने फालतू मेसेज आणि कॉल ओळखण्यासाठी मागितली होती, ती चुकून ब्लूच्या फोनांत गेली. सुमारे १ लाख २० हजार फोनांवर परिणाम झाल्याचं ब्लूनेच सांगितलं. आपल्याला याची कल्पना नव्हती, असंही ब्लूचं म्हणणं होतं.

मला ते खरं वाटतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. नाव अमेरिकन, दुकान अमेरिकन, घेणारा अमेरिकन, आणि फोन विकणाऱ्याला स्वतःच्या फोनच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही. पुढे २०२० च्या जानेवारीत मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने दाखवलं की अमेरिकेत सरकारी अनुदानावर गरिबांना ३५ डॉलरला मिळणाऱ्या एका फोनमधलं अपडेटचं ॲपही अडप्सच्याच घराण्यातलं आहे. न विचारता ॲप बसवायचं.

दुसरा रस्ता याहून मजेशीर. ट्रायडा नावाचा एक व्हायरस २०१७ मध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीला लीगू आणि नोमू या स्वस्त फोनांच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे फोनबरोबर येणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, दुकानात जायच्या आधीच बसलेला सापडला. तो तिथे पोचला कसा, हे गूगलने २०१९ मध्ये सविस्तर सांगितलं. फोन बनवणाऱ्याला एखादी सोय हवी असते, समजा चेहरा दाखवून लॉक उघडणं. ती स्वतःला बनवता येत नाही, म्हणून तो अख्खी सिस्टीमची फाइल बाहेरच्या कंत्राटदाराला पाठवतो. कंत्राटदार सोय बसवून परत पाठवतो, सोबत आपलं पिल्लूही सोडून देतो. म्हणजे शिंप्याकडे बटण लावायला सदरा दिला आणि त्याने आत एक चोरखिसा शिवून दिला. दोनशे रुपयांची बचत करणारी कंपनी तो सदरा उलटा करून बघत नाही.

आता सरांच्या ‘तिकडे जातं’ या शब्दांकडे येतो. लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असं असतं की बीजिंगमध्ये कोणी अधिकारी बसून आपल्या आईचे गुड मॉर्निंगचे मेसेज वाचतोय. या धंद्यात जे बघितलं त्यावरून सांगतो, स्वस्त फोनातल्या किड्याला बहुतेक वेळा राजकारण नको असतं, पैसा हवा असतो. जाहिराती दाखवणं, गुपचूप ॲप बसवून प्रत्येकामागे दलाली घेणं, सिमवर नको त्या सेवा चालू करणं. जिओनी या चिनी फोन कंपनीचा खटला याचा चांगला दाखला आहे. डिसेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात दोन कोटींहून अधिक जिओनी फोनांत लॉक स्क्रीनच्या एका ॲपच्या अपडेटमधून ट्रोजन, म्हणजे कामाच्या ॲपच्या आडून येणारा किडा, घातला गेला, जाहिरातींचा धंदा वाढवण्यासाठी. घालणारी कंपनी जिओनीच्याच कुटुंबातली. शिक्षा कोणी केली? चीनच्याच झेजियांग प्रांतातल्या यीवूच्या न्यायालयाने, २०२० मध्ये. स्वस्त फोन घेणारा चिनी माणूसही त्याच नावेत बसलाय.

माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. भुर्जीची गाडी लावणारे एक गिऱ्हाईक आले. तक्रार अशी की बॅलन्स आपोआप कापला जातो आणि दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. फोन नवा, आठवडी बाजाराजवळच्या स्टॉलवरून घेतलेला, बिल नाही. मी सिम काढलं, रिसेट मारला, दुकानातल्या राउटरला जोडला आणि स्क्रीन बंद करून रात्रभर टेबलावर ठेवून दिला. सकाळी राउटरच्या नोंदी बघितल्या, तर फोन झोपलाच नव्हता. दर काही मिनिटांनी कुठल्या कुठल्या पत्त्यांना हाक मारत होता. आणि कोणीही हात न लावता त्यात एक नवं ॲप येऊन बसलं होतं. काय माहिती बाहेर गेली ते मला सांगता आलं नाही, कारण सगळी बोलणी एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्याला वाचता न येणाऱ्या रूपात. हे मुद्दाम सांगतो, कारण यूट्यूबवर बरेच जण राउटरच्या नोंदी दाखवून ‘बघा, डेटा चोरला’ म्हणतात. नोंदींवरून कोणाशी बोलतोय ते कळतं, काय बोलतोय ते नाही. मी फोन कॉम्प्युटरला जोडून तीन संशयित ॲप बंद केली. आठ दिवसांनी ते गृहस्थ परत. तेच ॲप, दुसऱ्या नावाने. त्या मॉडेलची कंपनीची मूळ फाइलही कुठे मिळेना. जी मिळाली तिच्यातच किडा होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा गिऱ्हाइकाला म्हणालो की याला माझ्याकडे औषध नाही.

हा प्रकार आपल्यापुरताच आहे असं नाही. २०२० मध्ये आफ्रिकेत विकल्या गेलेल्या टेक्नो कंपनीच्या डब्ल्यू-टू फोनांत ट्रायडा आणि एक्सहेल्पर नावाचा दुसरा किडा सापडले, तेव्हा लक्षण हेच होतं. गरीब माणसाचा डेटा आणि बॅलन्स खाणं. बनवणाऱ्या कंपनीने बोट दाखवलं ते पुरवठादाराकडे.

मग नेहमीच्या मोठ्या चिनी कंपन्या स्वच्छ आहेत का? नाहीत. २०१४ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने शाओमीचा रेडमी वन-एस तपासला तेव्हा फोन नंबर, आयएमईआय आणि संपर्कांतले नंबर न विचारता शाओमीच्या सर्व्हरला जात होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागून ती सोय ‘विचारून चालू’ केली. २०२० मध्ये शाओमीचा ब्राउझर गुप्त मोडमध्येसुद्धा बघितलेल्या पानांची माहिती पाठवतो असा आरोप एका संशोधकाने केला. कंपनीने तो नाकारला, पण काही दिवसांत ती गोष्ट बंद करायचं बटण दिलं. २०१७ मध्ये वनप्लसही फोनच्या ओळखीसकट वापराची माहिती गोळा करताना सापडला होता.

पण मोठ्या आणि बिननावी कंपन्यांतला फरक बघा. मोठ्या कंपनीचे कोट्यवधी फोन जगभरच्या संशोधकांच्या टेबलावर असतात. चोरी केली की कोणीतरी पकडतं, बातमी होते, शेअर पडतो, बंदी येऊ शकते, मग अपडेट येतं. २०२१ मध्ये लिथुआनियाच्या सायबर सुरक्षा केंद्राने शाओमीच्या एका मॉडेलमध्ये ४४९ शब्दांची सेन्सॉर यादी सापडल्याचं सांगितलं. यादी युरोपातल्या फोनांवर बंद होती, पण दुरून चालू करता येईल असं त्यांचं म्हणणं. जर्मनीच्या बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने मग स्वतः तपास केला आणि पुढची कारवाई करावी असं काही सापडलं नाही, असं २०२२ मध्ये सांगितलं. तुम्ही कोणावर विश्वास ठेवायचा तो ठेवा, पण एका फोनमागे दोन देशांच्या सरकारी प्रयोगशाळा लागल्या होत्या. मावसभावाच्या फोनची तपासणी करायला जगात कोणीही बसलेलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांना सरकारच्या हेरखात्याला सहकार्य करावं लागतं. म्हणून तुमच्या घरात कोणी सैन्यात असेल, संरक्षणाच्या कारखान्यात असेल, नाजूक विषयावरचा पत्रकार असेल, तर माझं उत्तर बदलेल. त्यांनी चिनी फोन टाळावा आणि आपल्या खात्याच्या सूचना पाळाव्यात. अर्थात पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात महागडे आयफोनही सुटले नव्हते. कोणी ठरवून तुमच्याच मागे लागलं तर किंमत आणि देश दोन्ही तुम्हाला वाचवत नाहीत. पण बचत गटाच्या सचिवांचा शत्रू तो नव्हे.

आता दुकानात काय बघायचं. पक्कं बिल आणि सीलबंद खोकं हे झालंच. *#०६# दाबून येणारा आयएमईआय खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. मॉडेल वेगळं आलं किंवा नंबर आधीच वापरात असल्याचं आलं, तर फोन परत. खोक्यावरच्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेवर मात्र गोपनीयतेसाठी विसंबू नका. ती विजेची आणि बॅटरीची सुरक्षितता बघते, हेरगिरी तपासत नाही. दुकानदार ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तीच खूण असते.

दुसरं, प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये जा. तिथे डिव्हाइस सर्टिफाइड असल्याचं लिहिलेलं हवं. २०१८ पासून गूगल फोनांची सिस्टीम बाजारात यायच्या आधी तपासतं आणि पहिल्याच वर्षी किडा असलेली २४२ बिल्ड, म्हणजे तयार सिस्टीम, त्यांनी अडवली. हे प्रमाणपत्र म्हणजे हमी नव्हे, पण ते नसेल तर विषयच संपला. फोन सुरू होताना बूटलोडर, म्हणजे सिस्टीम बदलण्यावरचं कुलूप, अनलॉक असल्याची इंग्रजी सूचना आली, तरीही तेच. याचा अर्थ ते कुलूप उघडं आहे आणि मधल्या कोणीतरी त्यात आपलं सॉफ्टवेअर मारलेलं असू शकतं. कंपनी चांगली असूनही असा फोन वाईट असू शकतो.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख बघा, आणि त्या मॉडेलला अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघूनच घ्या. आठ-नऊ हजारांत हीच लंगडी बाजू असते, बऱ्याच फोनांना दोन वर्षांनंतर कोणी विचारत नाही. आई फोन चार-पाच वर्षं वापरणार. दोनच वर्षं अपडेट असलेला आठ हजारांचा फोन आणि सहा वर्षं अपडेट असलेला पंधरा हजारांचा फोन, यांचा वर्षाचा हिशोब मांडला तर महागडाच स्वस्त पडतो. २०२४ मध्ये आलेल्या गॅलक्सी ए-सिक्स्टीनला सॅमसंगने सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिलाय. जाहिराती आणि नको ती ॲप त्यातही आहेत, भाबडेपणा नको. पण बजेट थोडं ताणता येत असेल तर मी तिकडे जाईन. आधीच सांगतो, त्यात माझं कमिशन नाही. मी फोन विकत नाही, फुटलेले जोडतो.

घेतल्यावरचा तासभर असा घालवा. फोन पहिल्यांदा सुरू करताना ज्या खुणा आधीच मारलेल्या असतात, म्हणजे ‘अनुभव सुधारण्यासाठी माहिती पाठवा’, ‘तुमच्या आवडीच्या जाहिराती’, त्या सगळ्या काढा. लोक इथे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतात आणि नंतर म्हणतात चोरी झाली. सही तर तुम्हीच दिलीत. मग वायफायवर सगळी अपडेट घ्या. कंपनीचा ब्राउझर आणि कंपनीचं वेगळं ॲप स्टोअर डिसेबल करा किंवा त्यांच्या सूचना बंद करा. लॉक स्क्रीनवर आपोआप येणाऱ्या बातम्या आणि फोटोही बंद करा. गंमत म्हणजे चिनी म्हणून लोक ज्याच्या नावाने बोटं मोडतात, तो लॉक स्क्रीनवरचा ‘ग्लान्स’ बंगळुरूच्या कंपनीचा आहे.

शेवटी ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ या दोन जागा उघडा. अनोळखी ॲप बसवायची परवानगी कोणालाच नको, व्हॉट्सॲपला तर मुळीच नको. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी असलेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. तिथे ओळखीचं नाव नसेल तर काढा.

व्हॉट्सॲपचं नाव मुद्दाम घेतलं. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे पैसे गेल्यावर आलेल्या फोनांत चीनहून आलेला किडा क्वचितच होता. बहुतेकांत लग्नपत्रिकेची एपीके (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल), वाहतूक चलनाची एपीके, वीजबिलाची एपीके. ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून येते, उघडली की मेसेज वाचायची परवानगी मागते, दिली की ओटीपी गेलाच. फोन नामांकित असला तरी काही फरक पडत नाही, कारण दार आपणच उघडतो. दुसरी गोष्ट झटपट कर्जाची ॲप. संपर्क आणि फोटो उचलून मग नातेवाइकांना धमक्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्ज देणाऱ्या ॲपना संपर्क, कॉलची यादी आणि फोटोंना हात लावायला मनाई केली आहे. म्हणजे एखादं कर्जाचं ॲप संपर्क मागतंय, एवढ्यावरूनच ते ओळखायचं. गटातल्या बायकांना हे आईंकडूनच कळलं तर त्या ऐकतील, तुमच्या-माझ्याकडून नाही.

पैशांची बाजूही बांधून घ्या. गटाचं खातं साधारणपणे दोन सह्यांवर चालतं, ते तसंच राहू द्या. कोणाच्याही फोन-पेला जोडू नका. आईंच्या यूपीआयला वेगळं छोटं खातं जोडा, त्यात दोन-तीन हजारांपेक्षा जास्त ठेवू नका. फोन कितीही चांगला निघाला तरी नुकसानीला असा कुंपणाचा दगड हवा. आणि काही झालंच तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन, मग मला.

कोणी म्हणेल, मग बटणांचा साधा फोनच का देत नाही? दिला तर हरकत नाही, यूपीआयही आता त्यावर चालतं. पण २०२१ मध्ये एका रशियन अभ्यासकाने दुकानातून घेतलेले पाच स्वस्त बटणांचे फोन तपासले, तर त्यांतले चार गुपचूप इंटरनेटवर माहिती पाठवणारे किंवा मेसेज करणारे निघाले. एकाने तर पैसे कापणाऱ्या नंबरांना मेसेज केले होते. बटणं असोत नाहीतर काच, बिननावी फोनची गोष्ट तीच.

जाता जाता, किल्ली परदेशीच हवी असं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आपल्या दूरसंचार विभागाने सगळ्या नव्या फोनांत संचार साथी हे मोबाइल सुरक्षेचं सरकारी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश काढला होता. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला. वर सांगितलेली आयएमईआय तपासायची सोय त्याच संचार साथीची, आणि ती उपयोगी आहे. ती मी स्वतःहून वापरतो. पण भिंतीत फडताळ बांधायचं म्हटलं की बांधणारा कोण, हे मी विचारणारच.

राहिला मावसभावाचा फोन. त्याचं मन मोडवत नसेल तर घ्या, पण त्यात सिम घालू नका, गूगलचं खातं जोडू नका, घरचं वायफायही देऊ नका. स्वस्त टीव्ही बॉक्समधल्या बॅडबॉक्स नावाच्या किड्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला तो याचसाठी. किडा असलेलं यंत्र घरच्या इंटरनेटवरून परक्याची गुन्हेगारी वाहतूक नेतं, आणि पोलिस आले तर पत्ता तुमचा असतो. बाजारातून एक मेमरी कार्ड घ्या, त्यात आईंच्या आवडीचे अभंग भरा, फोन विमान मोडवर टाका आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून द्या. साडेचार हजारांना रेडिओ महाग पडेल, तेवढी किंमत मात्र त्याच्याशी बोलून कमी करा.